मुक्काम पोस्ट शून्य-शून्य-शून्य-शून्य

ज्या गृहस्थाचा दूरध्वनी रात्री नवाच्या सुमारास, म्हणजे कडक भाकरीचा पहिला तुकडा शेंगाचटणीला लावून तोंडाकडे नेत असतानाच नेमका वाजतो, तो गृहस्थ एकतर प्रसूतिगृहाचा डॉक्टर असला पाहिजे किंवा केबलच्या कंपनीत नोकरीस असला पाहिजे, असे माझे मत माझ्या पुतण्याच्या सहवासाने बनले आहे. प्रसूतिगृहातून येणाऱ्या निरोपात निदान मुलगा की मुलगी एवढे तरी वैचित्र्य असते; पुतण्याला येणारा निरोप मात्र सदासर्वकाळ एकच असतो, आणि सोलापूर हे बहुभाषिक शहर असल्यामुळे तो तेवढा भाषा पालटून येतो. पूर्व भागातून 'नेट लेदु', बाळीवेशीकडून 'नेट इल्ला', आणखी कुठून 'नेट नहीं है' आणि उरलेल्या शहरातून 'नेट नाही बे' अशा चार भाषांतील एकाच आशयाच्या तक्रारी ऐकून तो बिचारा घास हातात धरून एकच प्रश्न विचारतो.

"मोडेमवरचे दिवे लागलेत का?"

"सगळे लागलेत की! दिवाळी आहे नुसती. पण नेट नाही."

"बंद करून चालू करा."

"केलं की."

"परत करा."

दिवे सगळे लागलेले आहेत आणि काम मात्र होत नाही, ही अवस्था ग्राहकांना इतकी विस्मयकारक का वाटावी हे मला प्रथम उमगले नाही. माझी सारी हयात एका मामुली कचेरीत आवक-जावक बारनिशीच्या मेजापाशी गेली. तेथे दिवे सकाळी दहाला लागत, पंखे फिरू लागत, शिपाई घंटा देई, आणि काम होत नसे. परंतु त्यावरून कोणा गृहस्थाने रात्री नवाला मामलेदारांना दूरध्वनी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. यंत्राकडून मनुष्य जी अपेक्षा करतो ती मनुष्याकडून करीत नाही, हे यंत्राचे दुर्दैव होय.

पुतण्याच्या कचेरीत, जिला ती मंडळी 'हेडएंड' म्हणतात, माझे जाणेयेणे वाढले ते ज्ञानपिपासेमुळे, असे मी घरी सांगत असे. वस्तुस्थिती अशी की मे महिन्यात पारा ४३ अंशांवर चढून सोलापुरातील डांबर चपलेला चिकटू लागते, तेव्हा या शहरात फुकट आणि अखंड गारवा मिळण्याचे स्थान ते एकच. यंत्रांना उष्मा सोसत नाही म्हणून त्या खोलीत रात्रंदिवस वातानुकूलन चालते. माणसांना सोसतो असे कंपनीचे गृहीत असल्यामुळे शेजारच्या खोलीत मालक स्वतः वाळ्याच्या कूलरसमोर घाम पुसत बसतात. यंत्रांच्या खोलीतील रात्रपाळीची पोरे ऐन वैशाखात जाड सोलापुरी चादर, तीही जेकॉर्डच्या मोराची, खांद्यापर्यंत लपेटून बसलेली असतात. आपल्या गावच्या या जगद्विख्यात वस्तूचा उन्हाळ्यात गावातच खप व्हावा, हे दृश्य माझ्यासारख्या स्वाभिमानी सोलापूरकराला गहिवर आणणारे होते, आणि त्या गहिवराच्या आधारे मी तेथे दुपारभर बसत असे.

बसल्या बसल्या मनुष्य काहीतरी शिकतोच. मी असे शिकलो की यंत्रांच्या सृष्टीतही जन्मास आलेल्या प्रत्येक जिवाला प्रथम पत्ता लागतो, आणि तो मिळविण्यासाठी अर्ज करावा लागतो. या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. १९९३ साली ती निघाली, १९९७ साली तिचे नियम पक्के झाले, आणि तिच्या आधी १९८५ पासून बूटपी नावाची तिची वडीलधारी पद्धत चालू होती. या गोष्टी पुतण्या सांगत असता मी मान डोलावीत होतो ती कौतुकाने, असे त्याला वाटले. वास्तविक मी ओळख पटल्यामुळे डोलावीत होतो. कारण नवजात मोडेम जो अर्ज करतो तो कचेरीच्या भाषेत लिहून काढला, तर त्याचा मजकूर असा होतो:

'प्रति, दोनशेपंचावन्न-दोनशेपंचावन्न-दोनशेपंचावन्न-दोनशेपंचावन्न, म्हणजे जो कोणी ऐकत असेल तो. अर्जदार इसम नामे मोडेम, मुक्काम पोस्ट शून्य-शून्य-शून्य-शून्य, विनंती अर्ज करतो ऐसाजे, अर्जदार हा आज सायंकाळी वीज आल्यामुळे अस्तित्वात आला असून त्यास राहावयास ठिकाण नाही. कोणाच्या नावे अर्ज करावा हेही त्यास ठाऊक नाही. सबब सदर अर्ज मोठ्याने ओरडून करण्यात येत आहे. तरी मेहेरबान होऊन एक पत्ता काही मुदतीपुरता बहाल व्हावा.'

यात माझे पदरचे काही नाही. पत्ता नसलेले यंत्र स्वतःचा पत्ता चार शून्यांचा सांगते आणि अर्ज चार दोनशेपंचावन्नांच्या नावे धाडते, हे अक्षरशः खरे आहे. अर्ज ऐकून अधिकारी यंत्र एक पत्ता देऊ करते, अर्जदार 'मला हाच हवा' असे लेखी कळवितो, आणि मग मंजुरीचा हुकूम निघतो. ज्याने मागितला त्याला देऊ केल्यावर त्याने पुन्हा मागावा आणि मग तो मंजूर व्हावा, ही चौपदरी कार्यपद्धती ज्याने बसविली त्याने उमेदवारी कोठल्या तरी तहसिलीत केली असली पाहिजे, याविषयी माझी खातरजमा झाली. मुदतीच्या बाबतीत मात्र यंत्रे आपल्याहून शिस्तीची. मुदत निम्मी संपताच भाडेकरू यंत्र आपण होऊन मुदतवाढीचा अर्ज पाठवते. पेठेतील आमच्या वाड्यातील भाडेकरूंना ही हकिकत मी सहज म्हणून सांगितली. त्यांनी विषय बदलला.

आता अडचण अशी की ओरडून केलेला अर्ज आपल्या गल्लीबाहेर जात नाही. वाटेतील मोठे यंत्र असला आरडाओरडा पलीकडे जाऊ देत नाही, आणि पत्ते देणारा अधिकारी तर कोठेतरी दूर, स्वतंत्र दालनात बसलेला. म्हणून दारावर एक मध्यस्थ नेमलेला असतो. त्याला रिले एजंट म्हणतात. तो ओरडणे ऐकतो, त्याचा रीतसर कागद करतो, आणि त्या कागदावरील एका रकान्यात स्वतःच्या दाराचा पत्ता लिहून कागद योग्य अधिकाऱ्याच्या नावे रवाना करतो. हा रकाना १९८५ च्या जुन्या नमुन्यापासून चालत आलेला आहे. अर्जदाराने तो कोरा सोडायचा आणि मध्यस्थाने भरायचा. पोरे त्याला 'जीआयॲडर' म्हणतात. अधिकारी अर्जदाराचे तोंड पाहत नाही, त्याची निकड विचारीत नाही. तो फक्त हा रकाना पाहतो आणि ज्या दारातून कागद आला त्या दाराच्या वाट्याचा पत्ता काढून देतो.

हे ऐकताच मी खुर्चीवरून उठलो. "अरे, हा तर बारनिशी कारकून!" मी उद्गारलो. "आयुष्यभर मी हेच केले!"

"काका," पुतण्या म्हणाला, "तो एका सेकंदात हजार कागद पुढं पाठवतो."

मी पुन्हा बसलो.

तथापि माझ्या हुद्द्याची ही थोरवी मला प्रथमच कळत होती. अर्जाचे भवितव्य अर्जदाराच्या पुण्याईवर नसून बारनिशीने कोणत्या शाखेचा शिक्का मारला यावर अवलंबून असते, हे तत्त्व मी कुटुंबीयांस अनेक वार समजावून सांगितले होते, आणि त्यांनी ते तितक्याच वेळा झटकून टाकले होते. आता त्याला जागतिक मान्यता मिळाली.

तत्त्व जितके सोपे तितकी अंमलबजावणी कठीण, कारण केबलच्या एकाच तारेतून नाना जातीचे अर्जदार येतात. पहिला मोडेम स्वतः. हा कंपनीचा हक्काचा माणूस. त्याला दहाच्या मालिकेतला खासगी पत्ता द्यायचा, म्हणजे कंपनीला तो सापडतो आणि बाहेरच्या जगाला सापडत नाही. दुसरा, मोडेमच्या आडोशाला बसलेला ग्राहकाचा संगणक, ज्याला पोरे 'होस्ट' म्हणतात. त्याला जगात हिंडायचे असल्यामुळे बाहेर चालणारा पत्ता हवा. तिसरा एमटीए, म्हणजे केबलवरून दूरध्वनी चालविणारी पेटी. चौथा एसटीबी, म्हणजे सेट टॉप बॉक्स. सिस्कोच्या यंत्रात या चौघांसाठी चार वेगळ्या ओळी लिहिण्याची सोय आहे. पुतण्याने काळ्या पडद्यावर त्या मला दाखविल्या: 'केबल हेल्पर-ॲड्रेस', पुढे अधिकाऱ्याचा आकडी पत्ता, आणि शेवटी 'केबल-मोडेम', खाली तेच, शेवटी 'होस्ट', त्याखाली 'एमटीए', त्याखाली 'एसटीबी'. अर्जदार कोणत्या वर्णाचा ते पाहून कागद कोणत्या दालनात न्यायचा, हे त्यात ठरते.

"यातले एमटीए आपल्या गावात किती?" मी विचारले.

"एकही नाही. अमेरिकेत असतात."

"आणि पत्ता मागणारे एसटीबी?"

"आपले डबे नुसते ऐकतात, काका. बोलत नाहीत. पत्ता मागत नाहीत."

"मग या दोन ओळी कशाला?"

"पुस्तकात होत्या म्हणून."

माझे डोळे पाणावले. चार पदे मंजूर, दोन भरलेली, दोन रिक्त, आणि रिक्त पदांसाठीही जागा, कोटा व वरिष्ठ अधिकारी राखून ठेवलेले! खासगी क्षेत्राविषयी माझ्या मनात जो दुरावा होता तो त्या क्षणी नाहीसा झाला.

अनर्थ घडला तो या चार ओळींनी नव्हे, तर न लिहिलेल्या पाचव्या ओळीने. कंपनीने जुने यंत्र काढून नवे बसविले. या नव्या यंत्राच्या दाराला दोन पत्ते दिलेले होते, एक मुख्य व एक दुय्यम; मुख्य मोडेमांसाठी, दुय्यम संगणकांसाठी. परंतु 'मोडेमच्या कागदावर मुख्य लिही, संगणकाच्या कागदावर दुय्यम लिही' असा स्वतंत्र हुकूम द्यावा लागतो. 'केबल डीएचसीपी-जीआयॲडर पॉलिसी' असे त्याचे शब्द आहेत. हा हुकूम राहून गेला तर आतला कारकून प्रत्येक कागदावर डोळे मिटून दाराचा मुख्य पत्ताच लिहितो. अधिकारी तो रकाना पाहतो, आणि संगणकालाही मोडेमांच्या वाट्यातला खासगी पत्ता देऊन मोकळा होतो. संगणक कृतार्थ होतो. पत्ता मिळाला, जोडणी झाली, सगळे दिवे लागले! फक्त त्या पत्त्यावरून घराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

त्या संध्याकाळी शहराच्या एका मोठ्या भागात दिवाळी होती.

प्रथम फोन ग्राहकांचे आले. मग ग्राहकांच्या मुलांचे, ज्यांना ग्राहकांपेक्षा अधिक कळते. मग त्या मुलांच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मित्रांचे, ज्यांना सर्वांत अधिक कळते आणि जे 'वायर चेक करा' असे सांगतात. लाइनमन खांबांवर चढले. खांबावर चढलेला लाइनमन काहीतरी काढून परत लावल्याखेरीज खाली उतरत नाही, हा निसर्गनियम असल्यामुळे ज्यांचे चालू होते त्यांपैकीही काहींचे बंद पडले. इकडे निराळेच संकट वाढत होते. एका विभागातील मोडेमांसाठी २५३ पत्ते राखलेले होते. त्यांच्यावर संगणक येऊन बसू लागले. तेवढ्यात वीज गेली आणि आली. वीज येताच सगळे मोडेम एकाच क्षणी जागे होऊन आपापला अर्ज ओरडू लागले, आणि पाहतात तो त्यांच्या हक्काच्या घरांत भलतेच लोक. कंपनीचा स्वतःचा माणूस रस्त्यावर, आणि ज्याला आत बोलावलेच नव्हते तो पलंगावर! ज्या मोडेमांना पत्ता मिळाला नाही त्यांचे दिवे लुकलुकू लागले, आणि ग्राहकांनी नवीन तक्रार नोंदविली: आता दिवेही नाहीत.

माझ्या घरच्या संगणकाने तर या अराजकात कमालच केली. त्याने अर्ज केला, उत्तर नाही. पुन्हा केला, नाही. आणि मग निमूटपणे स्वतःच स्वतःला १६९.२५४ पासून सुरू होणारा एक पत्ता देऊन टाकला. कोणी देईना तर आपला आपण घ्यावा, अशी मुभा त्याला नियमानेच आहे. कचेरीत बढतीची वाट पाहून थकलेल्या अनेक सहकाऱ्यांनी दारावर स्वतःच 'प्रभारी' अशी पाटी लावल्याचे मी पाहिले होते. त्या पाटीने त्यांचा पगार वाढत नसे, तसे या पत्त्याने नेट चालत नाही. पण चेहऱ्यावर समाधान दिसते.

या गदारोळात एक गृहस्थ प्रत्यक्ष हेडएंडवर येऊन धडकले. त्यांचे पुत्ररत्न बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन आले होते आणि मोडेम त्याला दाद देत नव्हता. हा मात्र निराळा खटला निघाला. मोडेमला कंपनीकडून जी फाईल मिळते तिच्यात त्याच्या मागे किती यंत्रे बसू शकतात याची मर्यादा लिहिलेली असते; या घरी ती एकाची होती, आणि मोडेमने घरातल्या जुन्या संगणकाची जन्मखूण मनाशी धरून ठेवली होती.

"म्हणजे माझ्या मुलाला माझ्या घरात प्रवेश नाही?" गृहस्थ म्हणाले.

"तसं नाही हो. मोडेम एकदा बंद करून चालू करा. जो पहिला विचारेल त्याला तो ओळखेल."

"आणि जुना कॉम्प्युटर?"

"त्याला मग नाही ओळखणार."

गृहस्थ विचारात पडले. "आमच्या सूनबाई आल्यावर असंच झालं होतं," असे काहीतरी पुटपुटत ते जिना उतरले.

येथे सोलापूरकर आणि पत्ता यांच्या संबंधाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. टपाल खात्याने १९७२ साली पिन कोड आणला आणि ४१३ पासून सुरू होणारे आकडे आम्हाला दिले. ते आम्ही जपून ठेवले असून लग्नपत्रिकेवर छापतो. पुढे २०११ साली केबलच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक ग्राहकाच्या डब्याला स्वतंत्रपणे हाक मारता येईल अशी व्यवस्था सक्तीची झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत सोलापूर होते, आणि ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. अशा रीतीने डब्यांना पत्ते मिळाले. डबा ज्या घरात आहे त्या घराचा पत्ता मात्र कंपनीच्या तक्रारवहीत आजही पुढीलप्रमाणे असतो: 'जुन्या गिरणीकडून येताना डाव्या हाताला, जिथं पूर्वी पिंपळ होता, तिथं कोणालाही विचारा.' १८७७ साली उभी राहिलेली ती गिरणी बंद पडून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, पिंपळ तोडलेला, आणि कोणालाही विचारले तर तो म्हणतो, "इथं नवीनच आलोय बे." तरीही लाइनमन बरोबर पोहोचतो. पोहोचल्यावर म्हणतो, "घरी कुणी नाही."

पुतण्याने पाचवी ओळ लिहिली ती रात्री उशिरा, आणि शहर एकदाचे मार्गी लागले असे वाटले. परंतु कंपनीचे जाळे एका जातीचे नाही. जुन्या पेठांतून केबलची जाड तार आहे, तर व्यापारी गल्ल्यांतून गच्चीवरच्या पेट्यांतून लोंबणाऱ्या निळ्या तारा आहेत, आणि तेथे मोडेम नसल्यामुळे अर्ज सरळ गल्लीत ओरडला जातो. चाटी गल्लीतल्या एका कापडदुकानात, दुकानातील नोकरांनाही मोबाइलवर काही पाहता यावे या उदार हेतूने, नवा राउटर आणला गेला. त्याला पाठीमागे पाच भोके; एक बाहेरच्या तारेसाठी, चार आतल्यांसाठी. दुकानदारांनी बाहेरची तार आतल्या भोकात घातली, कारण ते भोक जवळ होते.

आता असले घरगुती राउटर स्वतःच पत्ते वाटण्याचा अधिकार बाळगून असतात. या राउटरने पाहिले की गल्लीत अर्ज ओरडले जात आहेत, आणि हा तर आपला धर्म; त्याने उत्तरे देण्यास प्रारंभ केला. खरा अधिकारी लांब, त्याच्यापर्यंत कागद जाऊन येईतो वेळ लागायचा, हा शेजारीच. आणि अर्जदाराचा स्वभाव असा की ज्याचे उत्तर प्रथम येईल त्याचे बहुधा खरे मानायचे. भाऊसाहेबांच्या तोतयाला पेशवाईत इतके अनुयायी कसे मिळाले याचे कोडे शाळेत असताना मला पडले होते. ते चाटी गल्लीत उलगडले. पाहता पाहता साऱ्या गल्लीतील संगणक १९२.१६८ च्या मालिकेतले पत्ते धारण करून त्या एका दुकानाच्या अमलाखाली आले. गल्लीतल्या प्रत्येक हिशेबाचा, प्रत्येक हुंडीचा आणि दुपारच्या प्रत्येक चित्रपटाचा मार्ग त्या राउटरकडे वळला, आणि राउटरच्या पलीकडे काहीच नव्हते.

पुतण्या गच्च्यागच्च्यांवरून एकेक तार उपटत त्या दुकानापर्यंत पोहोचला.

"तुमच्या राउटरमुळे अख्खी गल्ली बंद आहे."

"असं कसं होईल?" दुकानदार म्हणाले. "आमचं पण बंदच आहे की."

या युक्तिवादास उत्तर नव्हते. अशा तोतयांची उत्तरे वाटेतच जप्त करण्याची सोय चांगल्या पेट्यांत असते. तशा पेट्या घ्याव्यात असे पुतण्याने मालकांना सुचविले. मालकांनी दर विचारला, आणि दुकानदाराला चहा पाजून आणण्यास सांगितले.

जानेवारीतील सिद्धेश्वरांच्या यात्रेविषयी विस्ताराने लिहीत नाही. नंदीध्वज उंच असतात, मार्गावरील आडव्या तारा वर घ्याव्या लागतात, आणि वर घेतलेल्या तारा खाली येताना पूर्वीच्याच जागी येतील असे नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ग्रामदैवताच्या कार्यात नेट गेले तर सोलापूरकर तक्रार करीत नाही. वर्षातून तेवढेच दिवस पुतण्या गरम भाकरी खातो.

यानंतर मालकांच्या मनात आले की आपल्याकडेही बोलणारे डबे असावेत, आणि नमुन्यादाखल एक डबा आला. एसटीबीची रिक्त जागा भरली जाणार म्हणून आम्ही सर्वजण पडद्याभोवती जमलो. डबा चालू झाला. त्याने एक अर्ज केला. थोड्या वेळाने, दुसऱ्याच जन्मखुणेने, दुसरा अर्ज केला. त्याच्या पोटात एक मोडेम होता, त्याने मोडेम म्हणून पत्ता घेतला; आणि उरलेल्या डब्याने डबा म्हणून निराळा मागितला. एकाच इसमाने दोन गावांत शिधापत्रिका काढल्याची प्रकरणे माझ्या मेजावरून गेली होती, पण ती उघडकीस आल्यावर. येथे ती नियमातच बसत होती.

"पण हा मोडेम, हा संगणक, हा डबा, हे त्या कारकुनाला समजते कसे?" मी विचारले.

"मोडेम त्याच्या स्वतःच्या यादीत असतो. बाकीचे अर्जातच लिहितात. साठ नंबरचा रकाना आहे, तिथं आपण कोण ते सांगायचं."

"आणि खोटे सांगितले तर?"

पुतण्याने खांदे उडविले. "जो जे सांगेल ते."

पुढच्याच आठवड्यात एका वकिलांच्या घरी नवा मोठा दूरदर्शन संच आला. तो साठ नंबरच्या रकान्यात स्वतःविषयी काहीतरी परदेशी नाव लिहीत होता जे कोणत्याच यादीत नव्हते. मग कोणाचा तरी घराचा कॅमेरा आला, कोणाचे घड्याळ आले, आणि होटगी रोडच्या एका बंगल्यातून एका शीतकपाटाचा अर्ज आला. प्रत्येकाचे काय करायचे यावर रात्रपाळीत खल होऊ लागला. शेवटी पुतण्याने असा निर्णय दिला की ज्याची जात कळत नाही तो 'होस्ट' समजावा. शीतकपाटाला बाहेर चालणारा पत्ता मिळाला. माझ्या परिचयाच्या कित्येक पदवीधरांना तेवढेही लाभलेले नाही.

आता उरला रात्रपाळीचा प्रश्न. पोरे हुशार, आणि हुशार पोरांना रिकाम्या वेळी यंत्रात काहीतरी सुधारावेसे वाटते. पुतण्याने इंग्रजीत सूचना लिहून भिंतीवर लावल्या होत्या. त्या पोरांना नीट समजत, आणि समजत असल्यामुळे ती त्यांत दुरुस्त्या करीत. पहाटे पाचवी ओळ पुन्हा एकदा नाहीशी झाली तेव्हा पुतण्या हताश होऊन माझ्याकडे आला.

मी चष्मा पुसला, फुलस्केप कागदाला डावीकडे समास पाडला, आणि लिहिले: 'दफ्तर हुकूम. तमाम रात्रपाळी इसमांस ताकीद देण्यात येते ऐसाजे, मोडेम, होस्ट, एमटीए व एसटीबी या चारही वर्गांच्या अर्जांची बारनिशी सांप्रतच्या वहिवाटीप्रमाणे चालू राहील. दुय्यम पत्त्याबाबतचा मजकूर कोणीही कमीजास्त करू नये. केल्यास कसूरदाराची कैफियत घेऊन मुलाहिजा न करता फैसला होईल. रिक्त पदांवरील तरतूद अबाधित समजावी. येणेप्रमाणे रुजू.' खाली एक तारीख घातली आणि, सवयीने, वाचता न येईल अशी सही केली.

तो कागद यंत्राच्या काचेवर चिकटविल्यापासून कोणीही त्या यंत्रास हात लावलेला नाही. पोरे चादर लपेटून त्याच्याकडे दुरून पाहतात. एकाने त्यातील 'कैफियत' म्हणजे काय असे हळूच विचारले. दुसऱ्याने त्याला तिथल्या तिथे गप्प केले. पुतण्या रात्री नवाला स्वस्थ जेवतो, आणि मालकांनी परवा मला बाजूला घेऊन, त्यांच्या खोलीतील वाळ्याच्या कूलरचे बटण कोणीतरी सारखे फिरवते, तेव्हा त्यासाठीही असाच एक कागद करून द्याल का, अशी विचारणा केली. मसुदा तयार आहे. सही तेवढी उरली आहे.